सूचना मागवल्या आहेत

कार्यालयाच्या दारावर कागद लागला आहे:
मैदानाला ऊर्जितावस्था यावी म्हणून
कर्मचाऱ्यांनी गुरुवारपर्यंत सूचना द्याव्यात.
वर अरबी, खाली इंग्रजी, त्याखाली मल्याळम.
मराठी नाही. मराठी मी एकटाच.

मी हिशेब विभाग. खुराक, नाल, गवताच्या गाठी, डॉक्टरचं बिल.
त्याआधी अठरा वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर
एका बुकीच्या खोक्यात पेन्सिलर होतो.
फळ्यावरचा भाव उतरला
की समोरच्याच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची.
ती बघत मी शिसाचं टोक जिभेला लावायचो.
पुढे कर वाढला, खोकी उठली,
शेटजींनी उरलेल्या पेन्सिली मला दिल्या.
अर्धा डबा अजून आहे.

इथे, बरकाला, पैज नाही. धर्मात बसत नाही.
कूपन फुकट. सहाच्या सहा घोडे ओळखले तर फ्रीज.
दोन हिवाळे गेले,
फ्रीज स्टँडखाली प्लास्टिकमध्येच उभा,
त्याच्या मागे मांजर व्याली आहे.

मध्यंतरी सल्लागार आले.
पडद्यावर त्यांनी बाण दाखवले, सगळे वर जाणारे.
टोप्यांची स्पर्धा, ड्रोन, खजूर-कॉफीचा तंबू,
आणि परदेशातल्यांनी परदेशातूनच
फोनवर लावायचे पैसे.
म्हणजे घोडा इथे धावणार
आणि छाती तिकडे धडधडणार.
फोटोसाठी इद्रिस सदफला धरून बाहेर उभा होता, सव्वा तास.
घोडीने फायलीचा कोपरा खाल्ला.
अहवालातलं तेवढंच आजवर पचलं आहे.

आता माझी सूचना.

आमच्या खोलीत सहा जण.
शुक्रवारी शेवटच्या रेसवर भांड्यांची पाळी लागते,
हरेल तो आठवडाभर घासेल.
मोतालेब प्लंबर आहे, सिल्हेटचा.
कूपन त्याला वाचता येत नाही, तो घोड्याचे कान बघतो.
गेल्या खेपेला त्याने सदफवर तीन आठवडे लावले,
एका घोडीवर तीन आठवड्यांची भांडी!
ती पाचवी आली.
रात्री मोरीत तो करपलेल्या पातेल्याला समजावत होता
की शेवटच्या वळणावर वारा फिरला,
तिला समुद्राचा वास आला,
नाहीतर.

सकाळी चहा ओतता ओतता म्हणाला,
भोईटेभाई, येत्या शुक्रवारी ती पळणार आहे का?

साहेब, मैदानात जिवंत राहिलेलं
मला तरी एवढंच सापडलं.

तेव्हा मागचं फाटक उघडा.
पेट्रोल पंपावरचे, मासळी बाजारातले, लाँड्रीवाले,
त्यांना कठड्यापाशी उभं राहू द्या,
दातांत वाळू येईल इतकं जवळ.
हातात पेन्सिल द्या. डबा मी देतो.
फ्रीज हलवाल तेव्हा पिल्लं सांभाळा.

पैसे मात्र आणू नका.
हे मी लिहितोय, ज्याचं पोट त्याच पैशावर भरलं.
पडवळ मास्तरांनी मुलीची फी माझ्याकडे लावली होती,
नोटांना शाळेच्या पावतीची टाचणी तशीच.
मी टाचणी काढली, नोटा मोजल्या, आकडा लिहिला.
अक्षर चांगलं आलं होतं.
त्यांची घाटी हलली ती मी पाहिली,
आणि पुढच्या माणसाला म्हणालो, बोला.

भांडी पुरेत.
भांडी हरलेला माणूस घरी जेवायला येतो.

एक शेवटचं, सूचना नाही.
इथे सुट्ट्या नाण्याला बैसा म्हणतात.
आमच्या जुन्या बोलीत बैसा म्हणजे बसा.
काल दिवे गेल्यावर रिकाम्या स्टँडवर चढलो,
पाचव्या रांगेत, कठड्याच्या समोर,
पन्नास बैशांचं एक नाणं ठेवून आलो,
रुमाल टाकतात तसं,
जागा धरून.

आपला,
सयाजी भोईटे, हिशेब विभाग