दोन-चारचा हात

दसरा होऊन आठ दिवस झाले,
फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग अजून कंबरेएवढा,
आणि मी मशीन थांबवून
ताटलीत मणी ओतून बसलेय.
गिऱ्हाईक आलं की ताटली पायाशी.

मोंढ्यामागच्या दुकानात विचारलं त्यानं, कोणता रंग?
म्हटलं, सध्या शिवारात आहे तो.
हसला. मग मीच बोटानं दाखवत गेले :
हा सोयाबीनच्या वाळल्या शेंगेचा,
हा अंबाडीच्या बोंडाचा, जिभेला आंबट लागेल असा,
हा तुरीच्या फुलाचा. त्याच्या पाठीवर तांबडी रेघ असते,
ती काचेत कुठून यावी,
म्हणून शेजारी एक तांबडा.
हिरवा थोडाच द्या, ज्वारी आत्ताशी बोटभर आलीय.
आणि काळा.
काळ्याशिवाय इकडं कुठलाच रंग उभा राहत नाही.

पोरी ब्रेसलेट म्हणतात याला.
मी नजमाबीसाठी करायलेय.

नऊ वर्षांची होते तेव्हापासून
माझा हात तिच्या मांडीवर.
अंगठ्याचं मूळ दाबायची, चार बोटं जुळवायची,
म्हणायची, हाडं ढिली सोड गं, मैं चोर नहीं.
आणि बांगडी मनगटात गेलेली असायची.
माप तिनं कधी घेतलं नाही.
रस्त्यावरून बाई चालली तरी सांगायची,
ही दोन-सहा. ही आता दोन-आठ, बाळंत झालीय.
सेलूतल्या निम्म्या बायकांचे हात तिला पाठ.

आता सोमवारी आणि गुरुवारी
सकाळच्या गाडीनं परभणी. चार तास मशीनला.
डाव्या हातात नस जोडून दिलीय,
कान लावला तर आत पिठाची गिरणी चालते.
त्या हातात बांगडी नाही, घड्याळ नाही,
भाजीची पिशवीसुद्धा धरायची नाही.
उजवा मोकळाय की, मी म्हटलं.
तर म्हणाली, एकाच हातात भरून बसू?
आधी दुल्हन?
आणि इतकी हसली की खोकला आला.

माप विचारलं असतं तर कळलं असतं तिला.
म्हणून तिच्यासारखंच डोळ्यानं घेतलं,
ती चहाची बशी धरून बसली होती तेव्हा.
दोन-चार धरला.

पहिल्यांदा गाठ सुटली.
मणी पायट्याखाली, कपाटाखाली,
झाडूनं ओढले तर सोबत आलं
एक मोडकी सुई, दोन हुक,
आणि कधीची तरी एक हिरवी काच.
ती बाजूला ठेवली. का ते माहीत नाही.

दुसऱ्यांदा इलास्टिक दुहेरी घेतलं.
शेंग, शेंग, तूर, तांबडा, काळा,
मग क्रम विसरले, मग विसरलेलाच बरा वाटला.
एका ठिकाणी तीन अंबाड्या ओळीनं आल्यात.
राहू दिल्या.

तिनं आधी गाठ बघितली.
गाठ चांगली मारलीस.
मग उजेडात धरून,
ये क्या, सगळं खळंच उचलून आणलीस?
मग उजव्या हातात घातलं
आणि हात जरा वर केला,
तर ते घसरत कोपरापाशी.

आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो.

दोन-दोन, ती म्हणाली.
मला नाही. गिऱ्हाइकाला सांगावं तसं,
पण समोर गिऱ्हाईक नव्हतं.
दोन-दोन कधी झाले मी.
मग कात्री माझ्याकडं सरकवत :
चार मणी काढ. काळे नको काढू.
हिरवाबी नको, एकच तर दिसतोय इथं.

चार काढले. बॉबिनच्या डबीत पडलेत,
मशीन चाललं की वाजतात.

आज गुरुवार.
एसटीत खिडकीवर लिहिलेलं असतं,
हात बाहेर काढू नये.
तिनं काढला.
रेल्वे फाटकाच्या वळणापर्यंत
तो उजवा हात बाहेरच होता.