मोकळी जागा

कायो मिनेगिशी, वय एकसष्ट.
तीस वर्षं पोस्टात, पत्रं निवडायच्या टेबलावर.
सात कादंबऱ्या पेन्सिलीनं लिहिल्या,
पहाटे चार ते सहा,
नवऱ्याला जाग येऊ नये म्हणून
खोडरबराची भुकटी ओल्या बोटानं टिपत.

तिचं गाव शेजारच्या तीन गावांत मिसळलं
तेव्हा कचेरीत बसून कुणीतरी नवं नाव काढलं,
गोड, सगळ्यांना चालेल असं.
जुन्या नावाची पत्रं तरी येतच राहिली.
ती एकटीच ओळखायची
कुठली म्हातारी, कुठल्या उताराखालचं घर.
एवढंच लिहिते ती. सातही पुस्तकांत तेच गाव,
आणि नावाच्या ठिकाणी, दर वेळी,
दोन अक्षरं मावतील एवढी मोकळी जागा.

मी उद्यमबागेत दुभाषी होते.
ओसाकाहून आलेल्या इंजिनिअरांचं म्हणणं
फाउंड्रीतल्या मोल्डरांना मराठीत सांगायचं, कन्नडात सांगायचं,
नाहीच जमलं तर हातवारे.
त्यांतला एक जाताना तिचं पुस्तक ठेवून गेला,
आत खुणेला रेल्वेचं तिकीट.
चार वर्षं लागली मला ते मराठीत आणायला,
टिळकवाडीच्या गच्चीवर.
फाटक पडलं की एक वाक्य.
उघडलं की ते खोडायचं.

तिला पत्र लिहिलं : जागा तशीच सोडू का?
आमच्याकडे रिकामी पाटी दिसली
की लोक रंगाचा डबा घेऊन येतात.
सात महिन्यांनी उत्तर आलं.
पाकिटावर तिच्या हातचं जुनं बेळगाव,
त्यावर आमच्या पोस्टाचा नवा शिक्का.
आत एवढंच :
'पत्ता अपुरा असला तरी पत्र पोचतं,
टेबलापाशी ओळखणारं कुणी असलं तर.'

शहापुरात भरमू घाडीनं प्रूफं हातात दिली.
दोनशे चौदा मोकळ्या जागा,
दोनशे चौदा वेळा येळ्ळूर,
दोन अक्षरांच्या जागेत तीन, दाटीवाटीनं.
'रिकामं ऱ्हायलं होतं की अक्का,
मला वाटलं तुम्ही इसरल्यात.'
मान वर न करता म्हणाला.
भरमू येळ्ळूरचा.
वेशीवरची पाटी उखडली तेव्हा
तो केवढा होता, मी विचारलं नाही.

घरी लाल पेन उघडून बसले.
पान एकशे बारा :
'येळ्ळूरच्या स्टेशनात रात्रभर बर्फ पडत होता.'

येळ्ळूरला स्टेशन नाही.
बर्फ असलाच तर लग्नातल्या सरबतापुरता,
भुशात गुंडाळून शहरातून नेलेला.
पण पेन कागदाला टेकेना.
तोवर राजहंसगडाच्या पायऱ्या
पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या,
खाली कापणी झालेली बासमतीची शेतं,
बांध, मोटरसायकलींच्या सीटा,
आणि एक बाई चालत येत होती
खांद्याला पत्रांची थैली लावून,
एकेका दारापाशी थांबत,
पत्ता न वाचता.