दोन गठ्ठे

पोतोसीत रात्री नळातच पाणी गोठतं,
म्हणून बादली चुलीजवळ
आणि बादलीजवळ आम्ही दोघं.

सकाळी आठला शरीरक्रियाशास्त्र.
सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद कापून केलेली
एकशे बारा कार्डं बाबांच्या मांडीवर.
बाबा, म्हणजे फोर्तुनातो कोल्के, तिसरी पास,
अक्षरं फोडतात एकेक, जपून,
सुरुंगासाठी भोकं पाडावीत तशी:
मा. य. टो. काँ.
"हे कोण बुवा?"

"मायटोकाँड्रिया. पेशीतली भट्टी.
अन्न जाळते, प्राणवायू मागते, ताकद देते."
"आणि इथं? जिथं वाराच अर्धपोटी?"
"इथं रक्त दाटतं. तांबड्या पेशी वाढतात.
माल कमी, म्हणून हमाल जास्त."
मान डोलावली. कार्ड 'आलं'च्या गठ्ठ्यात.

मग पेशीपटल.
त्यात एक पंप असतो, रात्रंदिवस चालू:
सोडियम तीन बाहेर, पोटॅशियम दोन आत.
"तीन बाहेर, दोन आत?"
कोकाच्या पानांचा बोकणा या गालातून त्या गालात गेला.
"असा हिशेब ठेवणाऱ्या खजिनदाराला
आम्ही खाणीच्या सोसायटीतून हाकललं होतं."
मी म्हटलं, याच हिशेबावर तुमचं बोट हलतं,
पापणी मिटते, माझं नाव आठवतं.
"एलेउतेरिया," ते लगेच म्हणाले,
जणू पंप चालू करून पाहिला.

मूत्रपिंडाची कार्डं त्यांना आवडत नाहीत.
दोन चुलीत गेली. वाऱ्यानं म्हणे.

पुढचा शब्द होता भक्षकपेशी.
तो त्यांनी न अडखळता वाचला.
कुठे पाहिला होता, मी विचारलं नाही.
पाठ होतं तेवढं म्हणून टाकलं:
फुप्फुसाच्या वायुकोशांत गस्त घालते,
परकं काही दिसलं की वेढते, गिळते,
लयकारिकांच्या पाचकरसात विरघळवते.

"आणि दगड असला तर?"

"अभ्यासक्रमात नाही ते."

"माझ्या आहे."

बादलीवर बर्फाची पातळ साय धरत होती.
मी ती चमच्यानं मोडली. पुन्हा धरली. मग सांगितलं:
दगडाची पूड ती गिळते, भाकरीचा तुकडा गिळावा तशी.
पचत नाही. टाकवतही नाही.
आतली पाचकरसाची पिशवी फाटते
आणि ती आपल्याच रसात विरघळते.
पूड मोकळी, होती तशीच.
मग दुसरी येते.

"तिला कोणी सांगत नाही, पहिलीचं काय झालं?"

"उलट, बाबा. मरताना पहिलीच
हाक मारून जाते दुसरीला."

ते बराच वेळ निखाऱ्यांकडे बघत राहिले.
"पाळी बदलते तशी," म्हणाले. आणि थोड्या वेळानं,
"हाक मी पण मारली होती. तुझ्या काकाला.
ये म्हटलं, काम आहे."

ते कार्ड कुठल्या गठ्ठ्यात टाकावं
त्यांचं ठरेना.
शेवटी खिशात घातलं,
सोसायटीच्या ओळखपत्रामागे.

एकच्या सुमारास ते बसल्या बसल्याच झोपले.
आडवं पडून झोप अशी नाहीच, दोन वर्षं झाली.
शाळेतून मिळालेलं घड्याळ समोर धरून मी मोजलं: एकतीस.
चुकले असेन. पुन्हा मोजलं: बत्तीस.
उरलेली कार्डं मनातल्या मनात वाचली,
'आलं नाही'चा गठ्ठा उशाला घेतला.

सातवा प्रश्न एका गुणाचा होता:
निरोगी प्रौढ माणूस विश्रांती घेत असताना
मिनिटाला किती श्वास घेतो?

बारा ते वीस, मी लिहिलं.

गुण मिळाला.