श्रेयनामावली

तांडापेठेत, सूत रंगवणाऱ्यांच्या गल्लीत
सहा दिवस बसलो होतो मी फागोजी निखाऱ्यांच्या पुढ्यात
वही घेऊन. दिवसाचे सातशे रुपये, चहा वेगळा.
मुंबईच्या लेखकाला खडी गंमतीचा एक शाहीर हवा होता,
खरा.
म्हणजे खोटा करता येईल इतका खरा.

मी लिहून घेतलं:
चोनका डाव्या हाताने वाजवतात,
उजव्याचं एक बोट गिरणीच्या पट्ट्यात गेलं म्हणून.
रात्रभर गाऊन सकाळी मागावर बसत.
दारू नाही. सुपारीसुद्धा नाही.
ओळ विसरली की कान खाजवतात,
लोकांना वाटतं, सूर शोधून राहिले.
मूलबाळ नाही.
हे शेवटचं मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

दोन वर्षांनी सिनेमा लागला.
मॉलच्या सरकत्या जिन्यावर
लहानूबाई चप्पल हातात घेऊन चढल्या.

पडद्यावरचा शाहीर उंच होता, गोरटेला,
चोनका भलत्याच काखेत.
बोट पाटलाने छाटलं, विळ्याने,
अगदी सावकाश, मागे सनई लावून.
लोक हळहळले.
फागोजींनी अंधारात आपला हात बघितला,
उलटा, मग सुलटा.

मध्यंतराच्या जरा आधी बायको मेली.
पदरातले घरचे शेंगदाणे फोडता फोडता
लहानूबाई मोठ्याने म्हणाल्या,
'मी कवा मेली वं माय?'
मागच्या रांगेतून शूऽऽ आलं.
'मरू दे,' फागोजी म्हणाले,
'त्याहिले गानं पाह्यजे असंन तेथं.'
आणि गाणं आलंच, साडेचार मिनिटांचं.

उत्तरार्धात एक पोरगं निघालं.
आठ-नऊ वर्षांचं, कान मोठे,
बापाच्या मागे उभं राहून झील ओढणारं.
पडद्यावर बाप पिऊन पिऊन जत्रेत आडवा झाला,
ते ह्यांनी बघितलंच नाही.
पोरगं ओळ विसरलं
आणि त्याने कान खाजवला.
फागोजी इतके पुढे सरकले
की मागची खुर्ची खटकन मिटली.

दिवे लागले. लोक पॉपकॉर्न तुडवत निघाले.
झाडूवाला आला. हे उठेनात.
'वाच,' म्हणाले, 'ते नावं वर चालले, वाच.'
मी वाचत गेलो: छाया, ध्वनी, केशभूषा,
जनरेटरवाले, गाड्यांचे ड्रायव्हर,
आभार, समस्त नागपूरकरांचे.
त्यात माझं नाव नव्हतं, त्यांचं तर नव्हतंच.
ते त्यासाठी थांबलेही नव्हते.
'पोराचं नाव काय ठेवलं?'
मी सांगितलं. मास्टर अमुक अमुक, राहणार अंधेरी.
'थो नट झाला. पोराचं?'
तिथे नुसतं 'शाहिराचा मुलगा' लिहिलं होतं.
'एवढा खर्च केला,
अन् नाव नाही ठेवलं?'

ऑटोत, गोळीबार चौकापर्यंत,
कोणीच काही बोललं नाही.
लहानूबाईंनी उरलेले दाणे मला दिले.

मारबत निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेलो,
रस्त्यावर अजून कागदाच्या चिंध्या होत्या.
गल्लीतली पोरं फागोजींना विचारत होती, बोट कसं तुटलं.
'विळ्यानं,' ते म्हणाले. डोळा न लवता.
मग माझ्याकडे बघून, 'गिरनीचं कोनी आयकत नाही, बापू.'

चोनका काखेत घेतला, तार ओढली.
लावणी जुनीच होती, माझ्या वहीत होती,
शेवटच्या कडव्यात छाप येते तिथवर.
पन्नास वर्षं तिथे 'फागो म्हणे' होतं.
आता तिथे दुसरं आलं:
कुणाचातरी बाप म्हणे.
नाव तीन अक्षरी. मात्रेत चपखल बसवलेलं,
रात्री किती वेळा घासून बघितलं असेल कोण जाणे.

वही खिशात होती. राहू दिली.
तुम्हालाही सांगत नाही.

आतून लहानूबाई कपबशी घेऊन आल्या.
'घे,' म्हणाल्या, 'थंडा होते.
मेलेल्या बाईच्या हातचा हाय.'