मागच्या चाकाची जाळी

धुकं एवढं, की किल्ल्याचा खंदकसुद्धा
आज नुसत्या वासावरून कळत होता.
फेर्राराचं हे असंच. नोव्हेंबर लागला
की पो नदी उठते आणि गावात राहायला येते.

दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं,
तेवढ्यात निवेस वाकून आत आली.
रात्रपाळीची नर्स. पायांत अजून
दवाखान्याचे पांढरे क्लॉग.
म्हणाली, ओन्दीना, काल गाडी घासून गेली.
इथून.
आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत
तिनं मला ते अंतर दाखवलं.

मी आधी पिवळं जाकीट काढलं, भडक, चटकन दिसणारं.
हे घालून काय रस्ता खोदायला जाऊ? ती म्हणाली.
मग हेल्मेट. पहिलं डोक्यावर ठेवलं
आणि आरशात बघून ती म्हणाली, कढई.
दुसरं देखणं, कच्च्या ऑलिव्हच्या रंगाचं,
पण पट्टा हनुवटीखाली चिमटे काढणारा.
तिसऱ्याला मागे अंबाड्यापुरती जागा होती.
ते तिनं काढलंच नाही. बोलत राहिली
डोक्यावर तसंच ठेवून,
आणि मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

केसांचं काय, हा प्रश्न
बत्तीस वर्षं ऐकतेय मी या काउंटरमागे.
पुरुष वजन विचारतात, तेही ग्रॅममध्ये,
आणि स्वतःचं पोट सायकलवर चढवून निघून जातात.
बायकांना मात्र केस विचारायचीही लाज वाटते,
जणू जीव वाचवायचा तर
आधी आरसा फोडला पाहिजे.

तिचं सीट अंगठ्यानं दाबून पाहिलं. दगड.
कुणाच्या मापाचं हे? मी विचारलं.
भावाची सायकल आहे, ती म्हणाली.
अकरा वर्षं ती भावाच्या हाडांवर बसून
कामाला जात होती.
रुंद, मधे चीर असलेलं तपकिरी सीट बसवलं,
तशी जागच्या जागी दोन पायडल मारून
ती एकदम गप्प झाली.

मग तिचा घोळदार कोट दिसला मला.
आणि आई.
जोव्हेक्काच्या गोट्यांवर, एका सकाळी,
तिचा स्कर्ट मागच्या चाकात गेला.
पुढचे दोन दात त्या रस्त्यावर राहिले.
लोक म्हणाले, स्कर्ट घालून सायकलवर कशाला बसावं?
चाक उघडं का, असं कुणी विचारलं नाही.
त्यानंतर आई तोंडावर हात ठेवून हसायची.
मी लहान होते, मला वाटायचं
हसायची रीतच तशी असते.

म्हणून माझ्या दुकानात जाळ्या टांगलेल्या असतात,
चाकाच्या दोन्ही अंगांना घालायच्या.
वृद्धाश्रमातली आर्मीदा विणते,
क्रोशाच्या, वाइनच्या रंगाच्या, शेवाळी.
या वर्षी मी तिला एक वेगळा दोरा दिला,
दिवसा उंदरासारखा करडा,
उजेड पडला की पेट घेणारा.
एकच जोडी झाली त्यातून. मग आर्मीदाचे डोळे गेले.
ती जोडी माझ्या सायकलला होती.

होती म्हणते, कारण ती सोडायला
मला अर्धा तास लागला. हुक गंजले होते.
निवेसला वाटलं, मी रागावलेय.
थोडी रागावलेच होते.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.

संध्याकाळी ती पाळीला निघाली.
मी दारात उभी.
दहा पावलांत कोट गेला, मग हेल्मेट,
मग सायकलही धुक्यानं गिळली.
मागून एक गाडी आली, दिवे लावून,
आणि लांब, रस्त्याच्या मधोमध,
बाई नाही, सायकल नाही,
नुसतं एक विणलेलं चाक
फिरताना दिसलं.
गाडीनं वेग कमी केला. बरीच मागे राहिली.

मी शटर ओढणार, तर धुक्यातून आवाज आला,
ओ आजोबा, बाजूला व्हा, बाजूला!

घंटी.
घंटी विसरलो आम्ही दोघी.