सेंटिमीटर

महिनाअखेरीला जनकगंजातल्या खोलीत
मी माझ्या बातम्या फरशीवर पसरते
आणि मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसते.
मथळा धरायचा नाही. फोटोचे वेगळे, चाळीस रुपये.
उरलेल्या काळ्या मजकुराचे सेंटिमीटरला अडीच.
बातमी लिहिते हिंदीत,
हिशोब मात्र मराठीतच होतो माझा.
वडिलांनी छडी घेऊन अडीचकी पाठ करून घेतली होती,
तिचा उपयोग काय, म्हणून मी रडायचे.

सिंधेच्या पात्रात रात्री दोन वाजता
रेतीचे ट्रॅक्टर मोजले. सत्तावीस.
बलराम कुशवाहच्या मोटरसायकलवर, दिवा मालवून.
त्याचे अठरा सेंटिमीटर लिहिले.
सहा छाटले, तिथे च्यवनप्राश आला.
बारा अडीचे तीस.
पेट्रोल एकशे साठचं.

जयारोग्यच्या शवागाराबाहेर चार तास
एका बाईशेजारी बाकावर बसले होते.
ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.
ते बसणं कुठल्या पट्टीवर घ्यायचं, मुळ्येसाहेब?
लेखा विभागातल्या मुळ्यांनी चष्मा वर केला.
छापून आलं?
नाही.
मग झालंच नाही ते.

दिवाळीनंतर बलरामला ट्रॅक्टरनेच उडवलं.
मांडीत सळई, त्रेचाळीस टाके.
कार्यालयातून फोनवर सांगितलं,
या नावाचं आमच्याकडे कुणी नाही.
आठ वर्षं
पान पाचवर तो रोज होता.

मग फालका बाजारात, चहावाल्याच्या माडीवर जमलो.
सगळ्या शहराची निवेदनं आमच्याच हातून गेलेली,
आंगणवाडीच्या बायकांची, सफाई कामगारांची,
खरं सांगायचं तर
चार ओळींत गुंडाळून मोकळे व्हायचो आम्ही.
आता आमचं लिहायचं तर पहिलं वाक्य सुचेना.
नसीम म्हणाला, नेहमीचंच धरा,
कोण, काय, कुठे, कधी, का.
गाडी अडली ती ‘कोण’पाशीच.
पत्रकार लिहावं तर ओळखपत्र कुठंय?
मजूर लिहावं तर नसीमच म्हणाला, नको यार,
घरी अब्बा पेपर वाचतात.
तीन चहा झाले.
शेवटी वसुधा टिपणीसने कागद ओढला
आणि लिहिलं: आम्ही, खाली सह्या करणारे.
पुढचं भराभर आलं.
दर वाढवा. दहा तारखेला पैसे द्या.
छाटलेल्या ओळींचेही द्या, लिहिताना त्या आखूड नव्हत्या.
बलरामच्या सळईचं बिल.

जानेवारीत फूलबागेत सतरंजी टाकली.
धुकं इतकं की घोषणा कुणाला दिसावी
हा प्रश्नच नव्हता. फलकावरचा लाल रंग ओला,
नसीमच्या स्वेटरला लागला.
ओळखीचे छायाचित्रकार स्कूटरवरून गेले,
एकानेही हेल्मेटची काच वर केली नाही.
मला राग आला नाही. मीसुद्धा
अशीच गेले असते, मागच्या वर्षापर्यंत.

अकराच्या सुमारास एक पोरगा आला,
ओठावर नुकती लव, हातात शाळेची वही,
दुसऱ्या पेपरचा.
नावं विचारली, टिपणीसमधला ण नीट विचारून घेतला,
दर विचारला, आणि ऐकून
पेन थोडा वेळ तसंच धरून राहिला.
आम्ही त्याला चहा पाजला.
बलरामने कुबडी सरकवून जागा केली तसा
सतरंजीच्या कडेला टेकलाही जरा वेळ.

दुसऱ्या दिवशी पान नऊ, तळाला,
कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली.
हाताला सवय. पट्टी लावली.
साडेचार सेंटिमीटर.
सव्वाअकरा रुपये मिळतील त्याला, दर आमचाच असेल तर.
नाव नव्हतंच, नुसतं वार्ताहर.
बाकी सगळं बरोबर होतं, ण सुद्धा.
फक्त सतरंजीवर आम्ही होतो अकरा
आणि त्याने लिहिलं होतं बारा.

दुरुस्ती छापा, असं
आम्ही कुणी कळवलं नाही.