किती पाणी

भय्या चौकाच्या पुढं, पंप आणि फवाऱ्यांच्या गर्दीत
तीन मोटरी स्टँडला अडकवलेल्या,
तिन्ही एका पायाच्या.
भिवा लांबूनच बघत राहिला,
दुसऱ्याच्या बैलाकडं बघतात तसा.
"हात लावा की," इरण्णा म्हणाला, "चावत नाही ते."

पहिली टू-स्ट्रोक. वजन सव्वीस किलो,
म्हणजे चिलापीचं एक भरलं क्रेट.
पेट्रोलात ऑइल मापानं मिसळायचं, माप चुकलं की धूर.
मी म्हटलं, माशाला तेलाचा वास लागला
तर व्यापारी किलोमागं दहा रुपये पाडतो.
इरण्णानं मान हलवली, जणू त्याचेच दहा गेले.

दुसरी फोर-स्ट्रोक. पिंपात बुडवून चालू करून दाखवली.
झोपलेल्या माणसाएवढाच आवाज.
कमी पिते, धूर नाही,
पण उचलायला दोन माणसं लागतात
आणि आमच्याकडं दीडच आहे.
भिवाचा उजवा खांदा दिवाळीपासून वर जात नाही.

तिसरी शेपटीवाली.
इंजिन वर, मागं लांबलचक दांडा,
टोकाला चिमूटभर पंखा.
अगदीच गबाळी.

"पाणी किती खोल तुमच्याकडं?"
भिवानं माझ्याकडं बघितलं.
मी विचारलं, "कुठल्या महिन्यात?"

उजनी ऑक्टोबरात पाच पुरुष.
मार्चात माझ्या गळ्याइतकी.
मेमध्ये पेपरात आकड्याआधी आडवी रेघ येते
आणि आमचं जुनं गाव अंग वर काढतं:
आधी बाभळीची खोडं, मग शाळेची पायरी,
मग पिठाच्या गिरणीचं जोतं.
वल्ह्याला हे सगळं पाठ आहे.
वल्हं दगडाला लागलं की मनगटाला कळतं,
माणूस म्हणतो, अरे, गिरणी आली, आणि वळतो.
पंख्याला मनगट नसतं.

इरण्णा जरा गप्प झाला.
मग पंख्यामागून काडीएवढी एक पिन काढून
त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.
"हे मुद्दाम कच्चं बनवतात, बाई.
दगड लागला की आधी हे तुटतं, मशीन वाचतं.
बारा रुपयाला एक."

मी भिवाच्या खांद्याकडं बघितलं नाही.
एकवीस वर्षं उलट्या वाऱ्यात
घरातलं आधी काय तुटलं
म्हणून बाकीचं वाचलं,
ते माझ्या तळहातावर होतं.
फार हलकं होतं.

शेपटीवाली घेतली.
दगड आला की दांडा उचलता येतो, डाव्या हातानंही.
भिवानं तीनदा उचलून बघितला,
चौथ्यांदा उगीच.
भिशीचे पैसे मोजले, चारशे कमी भरले.
"मासळी द्या, चालेल," इरण्णा म्हणाला.
"तुमच्यात खातात?"
"आमच्यात नाही. भाडेकरू खातात की."

एसटीत दांडा मधल्या वाटेवर, चादरीत गुंडाळलेला.
ज्याचा ज्याचा पाय लागला
तो तो वाकून नमस्कार करत पुढं गेला.
जेऊरपर्यंत तिला किती नमस्कार झाले
मोजले नाहीत.

सकाळी चौथ्या ओढीला दोरी लागली.
काठावरचे बगळे उठले, परत बसले.
मी पुढच्या टोकाला.
ओरडले, "गिरणी!"
मोटरीच्या आवाजात त्याला ऐकूच गेलं नाही.
गेली एक पिन.

आता खुणा ठरवल्यात.
मूठ म्हणजे गिरणी. उघडा पंजा म्हणजे शाळा.
दोन बोटं म्हणजे बाभळी.
पाच पिनी तंबाखूच्या डबीत उरल्यात.

विहिरीची खूण अजून ठरलेली नाही.
तिथं पाणी बक्कळ खोल, भर मेमध्येसुद्धा.
काही उचलायची गरज नाही.
तरी तिच्यावर आलो की
भिवा दांडा वर घेतो,
पंखा हवेत भिरभिरतो, पाणी गळतं,
आणि नाव आपल्या आपण
पलीकडं जाते.